राज्यात की राज्याबाहेर?
(संस्थेच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'उच्च शिक्षणाच्या संधी' असा विषय दिला होता. विषय फार मोठा आणि आम्ही पडलो बँकेतले कारकून, तेही कला शाखेचे पदवीधर. त्यामुळे त्यातला एकच प्रश्न उचलतो. दर वर्षी बारावीचा निकाल लागला की आमच्या काउंटरसमोर कोणी ना कोणी पासबुक पुढे सरकवतो आणि हळूच विचारतो, "भाऊ, पोरगं बाहेरच्या राज्यात जायचं म्हणतंय. पाठवू का?" मागे रांग असते. दोन मिनिटांत सांगण्यासारखे हे प्रकरण नाही, म्हणून आज इथे सविस्तर सांगतो. जे सांगणार आहोत ते आम्ही दोनदा केले. एकदा चुकलो, एकदा बहुधा बरोबर आलो.

आधी 'बाहेर' म्हणजे काय ते पाहू. आपल्या नांदेडहून पुणे साडेचारशे किलोमीटर, मुंबई सहाशेच्या घरात. आणि हैदराबाद पावणेतीनशेच्या आसपास. देवगिरी एक्सप्रेस एका बाजूला मुंबईला जाते, दुसऱ्या बाजूला सिकंदराबादला. आपला रेल्वे विभागसुद्धा सिकंदराबादच्या दक्षिण मध्य रेल्वेत. म्हणजे परराज्य जवळ आणि स्वराज्यातले शहर लांब. आमचे आजोबा सांगत, त्यांच्या काळी हैदराबाद ही राजधानीच होती. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि इथल्या महाविद्यालयांना उस्मानिया विद्यापीठाची संलग्नता असे. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, ते आज मिलिंद म्हणून ओळखले जाते. मराठवाडा विद्यापीठ निघाले १९५८ साली. तेव्हा आपल्या आधीच्या पिढीला हैदराबादला शिकायला जाणे म्हणजे देश सोडणे वाटत नव्हते. रेषा मागाहून आखली गेली.

थोडे विषयांतर होईल, पण सांगतोच. आम्ही १९९४ साली बारावीला होतो. त्या वर्षी १४ जानेवारीला नामविस्तार झाला. घरात गोड केले. आता आपल्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव येणार, म्हणून आमच्या वडिलांचा आनंद गगनात मावेना. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले! आमच्या पदवीवर त्या विद्यापीठाचे नाव आले. नवे विद्यापीठ घराजवळ आले हे चांगलेच झाले, पण वडील बरेच दिवस गप्प होते. विद्यापीठाच्या नावाशी आपल्या माणसांचे नाते किती खोल असते, ते आम्ही तेव्हा पाहिले. ही गोष्ट पुढे आमच्या मुलांच्या वेळी उपयोगी पडायला हवी होती. पडली नाही.

आता आमची चूक.

२०१९ च्या जूनमध्ये शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'मोफत प्रवेश समुपदेशन' होते. शेजारच्या राज्यातले एक खासगी विद्यापीठ. नाव सांगत नाही. टाय घातलेली मुले, गुळगुळीत माहितीपुस्तिका, थंडगार हॉल, वर चहा-बिस्कीट. आमचा थोरला मुलगा नुकताच बारावी विज्ञान झालेला, गुण मध्यम. त्यांनी अर्ध्या तासात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश दिला, वर चाळीस टक्के 'स्कॉलरशिप'. राहिलेली फी अनुसूचित जातीचा दाखला दाखवल्यावर शासनाकडून परत मिळेल, असेही सांगितले. आम्ही रोज दुसऱ्यांची कागदपत्रे वाचणारे. एखाद्या फॉर्मवर सही तिरकी असली तरी परत करणारे. पण त्या दिवशी आम्ही वाचले नाही. आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्याचा मुलगा आदल्या वर्षी परराज्यात गेला होता आणि डब्याच्या वेळी रोज त्याचीच गोष्ट निघे. खरे कारण हे होते, आणि ते आम्ही स्वतःलाही सांगितले नव्हते. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली, मुलाच्या आईच्या पाटल्या तारण ठेवल्या.

मागाहून कळले की ती 'स्कॉलरशिप' म्हणजे पहिल्या वर्षाची सूट. दुसऱ्या वर्षापासून विशिष्ट गुण मिळाले तरच. आणि शासनाकडून परत मिळायचे म्हणाल, तर आमचे उत्पन्न अडीच लाखांच्या वर, म्हणून भारत सरकारची शिष्यवृत्ती आम्हाला मुळातच लागू नाही. उत्पन्न कमी असते तरी व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती मिळत नाही. हे सगळे लिहिलेले होते. विचारले असते तर आमच्याच बँकेच्या शेजारी झेरॉक्सचे दुकान चालवणाऱ्या पोराने सांगितले असते.

मुलगा गेला. फोन करी, पण बोलत नसे. 'हो', 'बरं', 'जेवलो'. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, तो घरी आला आणि एका मोबाईलवर तास ऐकू लागला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ आली, तेव्हा रात्री ओसरीत म्हणाला, "पप्पा, मला जायचंच नव्हतं. मला इथंच बी.एस्सी. करायचं होतं. तुम्ही विचारलंच नाही."

आम्ही खरोखरच विचारले नव्हते. हॉटेलच्या हॉलमध्ये तो आमच्या शेजारी बसला होता आणि सगळे प्रश्न आम्ही त्या टायवाल्यांना विचारत होतो.

त्याने पुन्हा पहिल्या वर्षापासून बी.एस्सी. केले, २०२३ साली पास झाला. आज एका खताच्या दुकानाचा हिशेब सांभाळून स्पर्धा परीक्षा देतो. वाईट चालले आहे असे नाही. पण एक वर्ष आणि पाटल्या, दोन्ही गेले. त्याहून जास्त काय गेले ते इथे बोलत नाही.

या चुकीनंतर आम्ही जे शिकलो, त्यात पहिली गोष्ट दाखल्याची. आपल्यातल्या पुष्कळांचा समज आहे की जातीचा दाखला देशभर चालतो. तसे नाही. राज्यघटनेच्या ३४१ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. आंध्रातल्या अनुसूचित जमातीच्या कुटुंबातला, पण मुंबईत वाढलेला एक विद्यार्थी महाराष्ट्रात वैद्यकीयच्या राखीव जागेसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९० साली निकाल लागला की दुसऱ्या राज्यात गेल्यावर तो लाभ आपोआप बरोबर येत नाही. म्हणजे आपला मुलगा तेलंगणा किंवा कर्नाटक सरकारच्या विद्यापीठात गेला, तर तिथल्या राज्याच्या राखीव जागेसाठी तो धरला जाणार नाही. मात्र केंद्रीय विद्यापीठाचे तसे नाही. दिल्ली, जवाहरलाल नेहरू, बनारस, हैदराबादचे केंद्रीय विद्यापीठ, इथे अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत आणि देशातल्या कोणत्याही राज्याचा दाखला चालतो. लखनौच्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात तर अनुसूचित जाती-जमातींसाठी निम्म्या जागा आहेत. आपल्या राज्यात आपले प्रमाण १३ टक्के. तेव्हा 'बाहेर' या एका शब्दात दोन वेगळी दारे आहेत. एकात आपला दाखला घेऊन शिरता येते, दुसऱ्यात तो दाराबाहेर ठेवावा लागतो. आमच्या मुलाला आम्ही दुसऱ्या दाराने नेले होते.

दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याच्या नमुन्यातला दाखवला तर परत पाठवतात. त्यात आपल्या समाजाची एक खास अडचण. धर्मांतरानंतर अनेकांनी शाळेत नुसते 'बौद्ध' लिहिले. अभिमानानेच लिहिले, आणि योग्यच केले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, पण मूळ जात सिद्ध करावीच लागते. आणि त्यासाठी कुटुंब १० ऑगस्ट १९५० पूर्वीपासून महाराष्ट्रातले असल्याचा पुरावा मागतात. आपल्या भागातले त्या काळचे कागद निजाम राजवटीतले, पुष्कळसे उर्दूत. ते वाचून घेणारा माणूस शोधण्यात महिना जातो. म्हणून मुलगा अकरावीत असतानाच या कामाला लागा. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहून हे होत नाही.

वैद्यकीयला जाऊ म्हणणाऱ्यांसाठी एक सूचना मध्येच सांगून टाकतो. आपल्या राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या असतात, आणि त्यासाठी दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. कोटा किंवा हैदराबादला शिकवणी लावायची म्हणून काही पालक बारावीचा फॉर्मही तिकडच्याच कॉलेजातून भरतात आणि इथला हक्क घालवून बसतात. शिकवणी कुठेही लावा, बारावीचा फॉर्म इथून भरा.

आता पैसा. हा आमचा रोजचा विषय, त्यामुळे थोडा जास्त वेळ घेऊ.

अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. ही योजना १९४४ पासूनची आहे. विद्यार्थी राज्याबाहेर शिकला तरी ती त्याच्या मूळ राज्याने द्यायची, असा नियम आहे. तेव्हा बाहेर गेलो की शिष्यवृत्ती बुडते, ही समजूत चुकीची आहे. पण तिच्यावर राहणे-जेवणे भागत नाही. २०२१ च्या सुधारित नियमांत साध्या बी.ए., बी.कॉम.सारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहणाऱ्याचा भत्ता वर्षाला ६,००० रुपये आहे. महिन्याला पाचशे. याउलट, महाराष्ट्रातच दुसऱ्या शहरात शिकायला गेले आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर आपल्या राज्याची स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेत मुंबई, पुणे, नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये आणि इतर महापालिकांच्या शहरात ५१,००० रुपये ठरवले गेले. ही योजना महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी. म्हणजे एकच मुलगा पुण्याला गेला तर साठ हजार आणि हैदराबादला गेला तर सहा हजार. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू किंवा नाक्यावरची मजुरी आहे, त्याला हा फरक निर्णायक ठरू शकतो, आणि त्याने तो निर्णायक मानला तर त्यात कमीपणा नाही. आपल्याच वस्तीतल्या एका मुलीला बाहेर प्रवेश मिळत असताना तिने औरंगाबादला, आता छत्रपती संभाजीनगर, शासकीय नर्सिंग घेतले. काहींनी नाक मुरडले. आम्ही तिच्या वडिलांच्या खात्याला रोज हात लावतो, आम्हाला ठाऊक आहे तिने काय विचार केला. तिचे बरोबर होते.

शिष्यवृत्तीची रक्कम आता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येते. इथे एक गंमत होते. मुलगा बाहेरगावी जातो, तिथे नवे खाते उघडतो, तिथला कर्मचारी त्याला आधार जोडून देतो, आणि सरकारचे पैसे शेवटी ज्या खात्याला आधार जोडले त्या नव्या खात्यात जातात. इकडे बाप आमच्याकडे येऊन भांडतो, "पैसे आले नाहीत." दुसरे म्हणजे दोन वर्षे काहीच व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. वर्षातून निदान एकदा शंभर रुपये भरा नाही तर काढा. आणि शिष्यवृत्ती हप्त्याने व उशिरा येते असे धरूनच पहिल्या सहा महिन्यांची तजवीज करा.

शैक्षणिक कर्जाबद्दल आमच्या लोकांत दोन टोके दिसतात. काही घाबरून घेत नाहीत, काही न मोजता घेतात. ४ लाखांपर्यंत साधारणतः तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असतात. शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. पण व्याज नसते असे नव्हे! समजा वर्षाला एक लाख असे तीन वर्षांत तीन लाख उचलले, आणि हिशेब सोपा जावा म्हणून व्याज सरळ १० टक्के धरले. पहिल्या लाखावर चार वर्षांचे चाळीस हजार, दुसऱ्यावर तीस, तिसऱ्यावर वीस. हप्ता सुरू होईल त्या दिवशी कर्ज ३ लाख ९० हजार. सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साडेसहा हजारांच्या जवळपास. आता त्या अभ्यासक्रमानंतर पहिली नोकरी किती पगाराची लागते ते विचारा, आणि हा आकडा मुलासमोर वहीत लिहा. बापाने एकट्याने लिहून खिशात ठेवू नये. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात ठरावीक दर्जाच्या संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना तारण व जामिनाशिवाय कर्ज आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत नसाल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत व्याजात तीन टक्के सूटही आहे. आपले विद्यापीठ त्या यादीत आहे का, ते प्रवेशाआधी बघायचे.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यासाठी त्यांनी दहा वर्षे बडोदे संस्थानात नोकरी करण्याचा करार केला होता, हे कमी ऐकतो. आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून, पैसे साठवून, उसने घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसाचीही वाट पैशाच्या तारखेने अडली. म्हणून बाहेर पाठवताना शेवटच्या वर्षाची फी कुठून येणार, हे आधी विचारायचे. पहिल्या वर्षाची कोणीही भरतो.

हे सगळे शिकून आम्ही शहाणे झालो, आणि मग धाकटी मुलगी बारावीला आली. २०२३ साल. ती कला शाखेची, अर्थशास्त्राची आवड. तिने आम्हाला सरळ सांगितले, "मला हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात जायचंय. बारावीनंतर पाच वर्षांचा सलग एम.ए. आहे. सीयूईटी द्यावी लागते." ही केंद्रीय विद्यापीठांची सामायिक प्रवेश परीक्षा २०२२ पासून सुरू झाली. ती तेरा भाषांत देता येते, त्यांत मराठी आहे. पण परीक्षा मराठीत दिली म्हणून वर्ग मराठीत भरत नाहीत, हेही तिने स्वतःच सांगितले.

आम्ही काय केले असेल? पोळलेल्या माणसाने जे करावे तेच. "नको" म्हणालो. थोरल्याला ढकलले होते, धाकटीला अडवू लागलो. विचारले तेव्हाही नव्हते आणि आताही नाही.

तिच्या आईची भीती वेगळी होती, आणि ती या सभागृहातल्या प्रत्येक आईच्या मनात असेल, म्हणून बोललेच पाहिजे. याच विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला यांनी १७ जानेवारी २०१६ रोजी वसतिगृहात आपले जीवन संपवले. त्या वेळी आपल्या विहारात शोकसभा झाली होती, मुलीची आई पहिल्या ओळीत बसली होती. ती म्हणाली, "जिथं असं झालं तिथं मी माझी पोर पाठवू?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलीने उत्तर दिले. म्हणाली, "आई, पायल तडवी तर मुंबईतच होती." २०१९ च्या मे महिन्यातली ती घटना, जळगावकडची आदिवासी डॉक्टर मुलगी, आपल्याच राज्यात शिकणारी. घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. राज्याची सीमा ही काही त्या गोष्टीपासून वाचवणारी भिंत नाही, हे आमच्या मुलीला आमच्याआधी समजले होते.

शेवटी थोरला म्हणाला, "पप्पा, तुम्ही तिथं जाऊन बघा तरी." ज्याला आम्ही न बघता पाठवले, त्याने हे म्हणावे! एप्रिलमध्ये आम्ही तिघे गाडीने हैदराबादला गेलो. गच्चीबावलीच्या बाजूला ते विद्यापीठ आहे, आवार एवढे मोठे की चालून पाय दुखले. ओळखीतून एक मराठी विद्यार्थी भेटला, परभणीकडचा. त्याला आम्ही फी विचारू लागलो, तर मुलगी म्हणाली, "पप्पा, मी विचारते." तिने जे विचारले ते आम्हाला सुचलेही नसते. पहिल्या वर्षाला वसतिगृह लगेच मिळते का? इंग्रजी जमले नाही तर कोण शिकवते? अर्थशास्त्राला गणित किती? मुलींना रात्री ग्रंथालयातून परत येताना कसे वाटते? विषय झेपला नाही तर बदलता येतो का? आणि शेवटी, आईकडे न बघता, "इथे भेद होतो का?"

तो पोरगा थोडा थांबला आणि म्हणाला, "होत नाही असं मी सांगणार नाही, ताई. पण इथं जयभीम म्हणणारे बरेच आहेत. एकटं पडू देत नाहीत." आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशन ही विद्यार्थी संघटना तिथे नव्वदच्या दशकापासून आहे. अनुदान आयोगाने २०१२ साली केलेल्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावाची तक्रार ऐकणारा अधिकारी हवा. तो कोण, त्याची खोली कुठे, हे मुलीने वहीत लिहून घेतले. परतीच्या गाडीत तिची आई एवढेच म्हणाली, "त्यानं खोटं सांगितलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं."

पुढे तारखांचा खेळ. बारावीचा निकाल २५ मे २०२३ ला लागला, सीयूईटीचा १५ जुलैला. मधल्या काळात इथल्या कॉलेजांचे प्रवेश होऊन जातात. पुष्कळ पालक इथेच गडबडतात. एक तर इथला प्रवेश घेत नाहीत आणि तिकडचाही मिळत नाही, किंवा इथे घेतला म्हणून तिकडचा सोडतात. आम्ही नांदेडला बी.ए.ला प्रवेश घेऊन ठेवला. मूळ कागदपत्रे कॉलेजला अडकवून ठेवता येत नाहीत, असे अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे. दाखवायची, झेरॉक्स द्यायची आणि मूळ परत घ्यायची. प्रवेश रद्द केल्यास फी परत देण्याच्या तारखाही आयोग जाहीर करतो. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत पूर्ण फी परत देण्यास सांगितले होते. दर वर्षीची तारीख बघून घ्यावी.

यादीत तिचे नाव लागले, तेव्हा आम्ही तिला म्हणालो, "आता तू ठरव. पुण्याचाही फॉर्म आहे, नांदेड आहे, हैदराबाद आहे." तिने दोन दिवस घेतले. वहीत खर्च तिनेच मांडला होता, आमच्यापेक्षा नीट. त्यात रेल्वेच्या सवलतीचाही आकडा होता. घर ते विद्यापीठ प्रवासाला अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना शयनयान वर्गात ७५ टक्के सूट असते, विद्यापीठाचा फॉर्म लागतो. हे रोज रेल्वे स्टेशनासमोरून जाणाऱ्या आम्हाला माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, "हैदराबाद."

पाठवताना एक केले. तिच्या नावाने पाच हजारांची ठेव ठेवली आणि सांगितले, हे परत येण्याचे पैसे. कधीही मोड, न विचारता ये, कारण कोणी विचारणार नाही. हे थोरल्यासमोर सांगितले. तो उठून आत गेला.

पहिल्या सहामाहीत गणिताचा पेपर राहिला. फोनवर रडली. आमच्या तोंडी आले होते की आम्ही सांगत होतो, गिळले. तिच्या आईने फक्त विचारले, "ठेव मोडायची का?" ती म्हणाली, "अजून नाही." पुढच्या सहामाहीत पेपर सुटला. आता तिसरे वर्ष चालू आहे आणि ती ठेव आम्ही दर वर्षी नूतनीकरण करतो. पाच वर्षे पूर्ण होतील की नाही, आम्ही सांगू शकत नाही. तीही सांगत नाही.

वेळ संपत आला, अध्यक्षांनी दोनदा घड्याळाकडे पाहिले. एवढेच सांगून थांबतो. येत्या रविवारपासून जूनअखेरपर्यंत दर रविवारी सकाळी दहा ते एक आम्ही विहाराच्या ओट्यावर बसणार आहोत. आमचा थोरला मुलगाही बरोबर असेल; फॉर्म तो भरून देईल, त्याला आता हे आमच्यापेक्षा चांगले येते. येताना जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुक आणावे. खासगी विद्यापीठाचे माहितीपत्रक असेल तर तेही आणा, शेवटच्या पानासकट. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणा. नुसते वडील आले, तर चहा पाजून परत पाठवू.

जयभीम.